चाळीस पौंडांची चोरी: सुपरमार्केटचे पॉइंट जातात कसे आणि तपास अडतो कुठे

ब्रिटनमध्ये डिसेंबर जवळ आला की अनेक घरांत वर्षभर साठवलेले सुपरमार्केटचे पॉइंट बाहेर निघतात. नाताळच्या खरेदीसाठी ते मुद्दाम राखून ठेवलेले असतात. सामान काउंटरवर मांडलं जातं, कार्ड स्कॅन होतं आणि शिल्लक दिसते शून्य. ॲपमधल्या जुन्या नोंदी उघडल्यावर कळतं की आठवड्यापूर्वीच हे सगळे पॉइंट दुसऱ्या शहरातल्या, कधी पायही न ठेवलेल्या दुकानात खर्च झालेत.

समजा, आठ हजार पॉइंट गेले. नेक्टर ही २००२ साली सुरू झालेली योजना आता सेन्सबरीज या सुपरमार्केटच्या मालकीची आहे. तिथे मूळ दराने एका पौंडाच्या खरेदीवर एक पॉइंट मिळतो आणि ५०० पॉइंटचे अडीच पौंड होतात. म्हणजे आठ हजार पॉइंटचे ४० पौंड. ही रक्कम लहान वाटते, पण खास ऑफर सोडल्या तर एवढे पॉइंट जमवायला ८,००० पौंडांचा किराणा भरावा लागतो. मोजूनमापून खर्च करणाऱ्या घरात हे काही वर्षांचं काम आहे. म्हणूनच ‘पॉइंटच तर गेले’ असं कुणी म्हटलं की ते ऐकणाऱ्याला लागतं, आणि ते लागणं रास्त आहे.

ही चोरी इतकी सोपी का, हे कळायला आधी कार्डाकडे नीट बघायला हवं.

बारकोड काय सांगतो आणि काय विचारत नाही

लॉयल्टी कार्डावरच्या बारकोडमध्ये बहुधा फक्त एक क्रमांक असतो. नाव नसतं, पत्ता नसतो, गुप्त असं काहीच नसतं. स्कॅनर तो क्रमांक वाचतो, काउंटरचं यंत्र मध्यवर्ती संगणकाला विचारतं, ‘या क्रमांकावर किती शिल्लक आहे?’, आणि उत्तर आलं की पॉइंट वापरायचा पर्याय स्क्रीनवर येतो. ‘हे कार्ड तुमचंच कशावरून?’ हा प्रश्न अनेक योजनांत कुणीच विचारत नाही. कार्डाचा फोटो काढून त्यातला बारकोड दुसऱ्या फोनवर दाखवला तरी स्कॅनरच्या दृष्टीने काही फरक पडत नाही.

याचं मूळ या योजनांच्या हेतूत आहे. कार्ड निघालं ते पॉइंट जमा करण्यासाठी, आणि जमा करताना ओळख पटवायची गरजच नसते. तुमच्या खात्यात कुणी चुकून पॉइंट टाकले तर तुम्ही तक्रार कशाला कराल? पण खर्चाची सोयही त्याच कार्डाला, त्याच क्रमांकाला जोडली गेली. वाचनालयाच्या कार्डाइतकंच संरक्षण असलेल्या कार्डाकडून पैशाचं काम घेतलं जाऊ लागलं.

क्रमांकाचा शेवटचा अंक बऱ्याचदा तपासणीचा असतो. ‘म्हणजे सुरक्षा आहेच की’ असा त्यावरून समज होतो. तसं नाही. बँकांच्या कार्डांवर वापरली जाणारी पद्धत हान्स पीटर लून या आयबीएममधल्या अभियंत्याची. तिचं पेटंट १९६० साली मंजूर झालं. उदाहरणादाखल ४७२५ ही संख्या घेऊ. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा. ५ चे १० होतात, त्यातले अंक मिळवून १. पुढचा २ तसाच. ७ चे १४, अंक मिळवून ५. मग ४ तसाच. बेरीज १२. वीस व्हायला ८ कमी पडतात, म्हणून शेवटी ८ लावायचा: ४७२५८. आता कुणी घाईत २ आणि ५ उलटेसुलटे करून ४७५२८ टाईप केलं, तर बेरीज २६ येते, दहाने भाग जात नाही आणि यंत्र क्रमांक नाकारतं. टंकनातली चूक पकडायला हे छान आहे. चोराला मात्र हा अंक अडवू शकत नाही, कारण हे गणित जगजाहीर आहे. खात्याची वेबसाइट ‘हा क्रमांक आहे का, शिल्लक किती’ याचं उत्तर कितीही वेळा विचारलं तरी देत बसली, तर एखादा प्रोग्राम एकेक क्रमांक विचारत जातो. तिथे अडसर हवा तो विचारण्याच्या संख्येवर.

दुसरीकडे फुटलेला पासवर्ड

क्रमांक चोरण्यापेक्षाही मोठा रस्ता पासवर्डचा आहे. एखाद्या छोट्या वेबसाइटवरून, समजा बुटांच्या दुकानाच्या साइटवरून, ईमेल आणि पासवर्डची यादी फुटते. ती यादी घेऊन प्रोग्राम सुपरमार्केटच्या लॉगिन पानावर प्रत्येक जोडी घालून बघतो. बहुतेक जोड्या चालत नाहीत. पण शंभरात एखादीच लागली तरी यादीत लाखो जोड्या असतात.

मार्च २०२० मध्ये टेस्को या साखळीने सहा लाख क्लबकार्डधारकांना नवी कार्डं द्यायचं ठरवलं ते याच कारणामुळे. स्वतःच्या संगणकांत कुणी शिरलेलं नाही, दुसरीकडून मिळवलेले पासवर्ड इथे लावून पाहिले गेले, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्याच महिन्यात बूट्स या औषधांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या साखळीने पॉइंट वापरून पैसे देण्याची सोय काही काळ बंदच ठेवली. झळ पोचली ती एक टक्क्याहून कमी कार्डांना, पण वापरातली कार्डं होती एक कोटी चव्वेचाळीस लाख. टक्केवारी अशी फसवी असते: एक टक्का म्हटलं की किरकोळ, माणसं मोजली की लाखाच्या घरात.

उरलेले दोन रस्ते थोडक्यात. एक म्हणजे ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपणार’ अशा धाकाचा बनावट ईमेल किंवा एसएमएस, ज्याच्या लिंकवर माणूस स्वतःच पासवर्ड देऊन बसतो. दुसरा आतला: ग्राहकाकडे कार्ड नसेल तेव्हा काउंटरवरचा कर्मचारी स्वतःचं किंवा ओळखीच्याचं कार्ड फिरवून पॉइंट जमा करतो. त्यात कुणाच्या खात्यातून काही जात नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. एकाच कार्डावर दिवसाला साठ-सत्तर खरेद्या दिसल्या की मगच उघडं पडतं.

पॉइंट हाती लागल्यावर चोर ते ठेवत नाही. आधी एखाद्या खात्यावर दोन-तीन पौंडांची खरेदी होते, ती खातं चालू आहे का हे बघायला. मग सगळी शिल्लक एका दमात संपते, तीही सहज विकल्या जाणाऱ्या मालावर: दारूच्या बाटल्या, दाढीची पाती, कॉफी, लहान मुलांची दूध पावडर. सेल्फ-चेकआउटवर कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून ते सोयीचं. काही जण खरेदी करतच नाहीत. भरलेली खातीच किमतीच्या काही अंशाला विकून टाकतात. त्यामुळे काउंटरवर सापडणारा माणूस आणि पासवर्ड फोडणारा माणूस बहुधा वेगळे असतात, आणि पुढे तपासात हीच गोष्ट अडते.

कायद्यात हा गुन्हा आहे का?

आहे, आणि त्यात शंकेला जागा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ चा फसवणूक कायदा इथे थेट लागू पडतो. दुसऱ्याचा बारकोड स्वतःचा म्हणून दाखवणं हे खोटं निवेदन झालं. पूर्वी अडचण अशी होती की फसवणुकीसाठी फसणारं माणसाचं मन लागायचं. यंत्र फसत नाही असं मानलं जाई. २००६ च्या कायद्याने ती पळवाट बुजवली: खोटं निवेदन एखाद्या यंत्रणेला किंवा उपकरणाला केलं, मध्ये माणूस नसला, तरी ते निवेदनच. सेल्फ-चेकआउटच्या काचेवर फोन धरणं यात बसतं. कमाल शिक्षा १० वर्षांची. शिवाय परवानगीशिवाय दुसऱ्याच्या खात्यात शिरणं हा १९९० च्या संगणक गैरवापर कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, मग एकही पॉइंट वापरलेला नसो.

‘पॉइंट ही काही मालमत्ता नाही’ असं कधी कधी ऐकू येतं. योजनांच्या अटींत पॉइंट कंपनीचेच आहेत, त्यांना रोख किंमत नाही, असं लिहिलेलं असतं, त्यातून हा समज येतो. पण त्या अटी कंपनी आणि ग्राहक यांच्यातल्या. फसवणूक कायद्यातल्या ‘मालमत्ते’त हाताला न लागणाऱ्या गोष्टीही येतात, आणि चोराने शेवटी घरी नेली ती खरीखुरी कॉफी.

अटींमुळे खरा फरक पडतो तो भरपाईत. बँक खात्यातून तुमच्या संमतीशिवाय पैसे गेले तर २०१७ च्या पेमेंट सेवा नियमांनुसार बँकेने सहसा पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरीपर्यंत ते परत करायचे असतात. पॉइंटला हे कवच नाही. बऱ्याच कंपन्या चौकशी करून पॉइंट परत देतात, पण किती दिवसांत आणि कोणत्या पुराव्यावर, हे त्यांच्या हातात.

आणखी एक घोळ इथेच निस्तरायला हवा. ‘२०० पौंडांच्या आतल्या चोरीला पोलीस विचारत नाहीत’ असं सर्रास बोललं जातं. ही मर्यादा २०१४ च्या एका कायद्यातली, आणि ती दुकानातला माल उचलण्यापुरती: अशा चोरीचा खटला सहसा खालच्या, मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात चालवायचा. तपास करू नका असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. तरी ‘किरकोळ’ हा शिक्का बसला, आणि शिक्क्याचा परिणाम कलमापेक्षा मोठा झाला. २०२५ मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात ही तरतूद काढून टाकायचा प्रस्ताव होता तो त्यामुळेच. पॉइंटची फसवणूक या मर्यादेत कधी नव्हतीच.

तक्रार जाते कुठे

घरफोडी झाली की माणूस स्थानिक पोलिसांकडे जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या पोलीस दलांनी प्रत्येक घरफोडीला अधिकारी पाठवू असं कबूल केलं. फसवणुकीचं तसं नाही. ती तक्रार एका राष्ट्रीय केंद्रात नोंदवायची असते: आधी त्याचं नाव ‘ॲक्शन फ्रॉड’ होतं, आता ‘रिपोर्ट फ्रॉड’. ते चालवतं सिटी ऑफ लंडन पोलीस, लंडनच्या मधोमध जेमतेम एका चौरस मैलाचा भाग सांभाळणारं दल, ज्याच्याकडे फसवणुकीच्या तपासाचं देशभराचं नेतृत्व आहे. स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी. तिथे १०१ वर पोलीस स्कॉटलंडलाच कळवायचं.

केंद्रात आलेल्या तक्रारी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात: तोच बँक खाते क्रमांक, तोच फोन, तीच वेबसाइट कुठे पुन्हा आली आहे का? धागा जुळला आणि संशयितापर्यंत पोचण्याची शक्यता दिसली तर प्रकरण त्या भागातल्या पोलीस दलाकडे जातं. पॉइंटच्या तक्रारीत मात्र ताडण्याजोगं जवळजवळ काही नसतं. तक्रारदाराला माहीत असतं ते एवढंच: अमुक तारखेला, अमुक दुकानात, ४० पौंड. बँक खातं नाही, फोन क्रमांक नाही, बोलणं झालेलं नाही. म्हणून अशी तक्रार नोंदवली जाते आणि तिथेच पडून राहते.

मनुष्यबळाचा हिशेबही बघावा लागेल. मे २०२३ मधल्या सरकारच्या फसवणूकविरोधी धोरणात स्वतः सरकारनेच लिहिलं आहे की एकूण गुन्ह्यांत फसवणुकीचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आणि तिच्यावर लागणारं पोलिसी बळ एक टक्क्याहून कमी. दुसऱ्या बाजूला, नोंदवलेल्या दुकानचोऱ्यांचाच आकडा वर्षाला पाच लाखांवर गेला आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये पोलीस दलांनी आणखी एक वचन दिलं: गुन्हा कितीही लहान असो, फुटेजसारखा वाजवी धागा हाताशी असेल तर तो तपासायचा. वचन चांगलं आहे. पण एका धाग्यामागचं काम बघा. अधिकाऱ्याने दुकानाला फुटेज मागायचं, दुकानाने ते शोधून द्यायचं, काउंटरवरची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ जुळवायची (दोन्ही घड्याळं कित्येकदा काही मिनिटांनी पुढेमागे असतात), चेहरा स्पष्ट असेल तर फोटो फिरवायचा, कुणी ओळखलं तर जबाब, मग फाइल. आणि तो माणूस म्हणणार, ‘मित्राने बारकोड पाठवला, मला वाटलं त्याचाच आहे.’ ४० पौंडांच्या एका तक्रारीसाठी हे सगळं होत नाही, आणि तक्रार एकटीच असेल तर होऊ नये असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला दोषही देता येत नाही.

चूक आहे ती एकटी धरण्यात. कंपनीकडची नोंद अशी दिसू शकते: मंगळवार, सेल्फ-चेकआउट क्रमांक ६. ७ वाजून ४२ मिनिटांनी एका खात्यातून ४० पौंड. ७:४५ ला दुसऱ्या खात्यातून ३५. ७:४९ ला तिसऱ्यातून ५०. तिन्ही खातेदार वेगवेगळ्या शहरांतले, तिघांचे पॉइंट एकाच यंत्रावर सात मिनिटांत संपलेले. हे बघायला गुप्तहेर लागत नाही, नोंद वेळेनुसार लावली की पुरे. पण तीन खातेदारांनी तीन तक्रारी केल्या तर पोलिसांपुढे तीन सुट्या किरकोळ घटना येतात, कारण यंत्राचा क्रमांक तिघांपैकी कुणालाच ठाऊक नसतो. तो फक्त कंपनीला ठाऊक असतो. कंपनीने तिघांना पॉइंट परत देऊन विषय मिटवला तर ग्राहक समाधानी होतो, गुन्हा नोंदलाच जात नाही आणि तो माणूस पुढच्या मंगळवारी पुन्हा येतो.

चोरी घाऊक होते आणि मोजली जाते किरकोळीने. अडतं ते इथे.

संघटित दुकानचोरीत हे ओळखलं गेलं आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘पेगासस’ उपक्रमात मोठ्या दुकानदारांनी पैसे घातले आणि आपल्याकडची माहिती ओपल या राष्ट्रीय पोलीस पथकाकडे एकत्र द्यायला सुरुवात केली. त्यामुळे वेगवेगळ्या जिल्ह्यांत तीच टोळी फिरते आहे हे दिसू लागतं. पॉइंटच्या बाबतीतही कंपनीने स्वतः तक्रारदार व्हावं, दोनशे खात्यांची एकत्र यादी, यंत्रांचे क्रमांक आणि फुटेज यांसह. ४० पौंडांची दोनशे प्रकरणं म्हणजे ८,००० पौंडांचं एक प्रकरण.

आणि कुलूप खर्चाच्या जागी लावायला हवं. काही योजनांनी सुरुवात केली आहे. नेक्टरच्या ॲपमध्ये पॉइंटचा खर्च बंद करून ठेवता येतो, खरेदीच्या वेळी तो आपण उघडायचा. दर काही सेकंदांनी बदलणारा बारकोडही चालतो, कारण फोटो काढून पाठवेपर्यंत तो निकामी होतो. खर्च झाल्याबरोबर फोनवर सूचना आली तरी पुष्कळ फरक पडतो. मात्र हे सगळं ॲपवर चालतं. प्लास्टिकचं कार्डच वापरणाऱ्या वयस्कर ग्राहकांसाठी साधा चार आकडी पिन हवा, नाहीतर ज्यांना ४० पौंडांची सगळ्यात जास्त किंमत आहे तेच उघड्यावर राहतात.

पॉइंट गेलेले दिसले तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्क्रीनशॉट: खर्चाची तारीख, दुकान, रक्कम. मग पासवर्ड, पण सुरुवात ईमेलच्या पासवर्डपासून करा. चोर ईमेलमध्ये असेल तर सुपरमार्केटचा नवा पासवर्डही त्याच्याच हाती पडेल. नवा पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला असावा. तीन असंबद्ध शब्द जोडून तो करावा ही ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राची सूचना साधी आणि उपयोगी आहे. खात्यात अनोळखी फोन, बदललेला पत्ता किंवा नंतर जोडलेलं दुसरं कार्ड दिसतं का ते बघा. पुष्कळ जण पासवर्ड बदलून थांबतात, जोडलेलं कार्ड तसंच राहतं आणि महिन्याभराने पॉइंट पुन्हा जातात.

त्यानंतर कंपनीला फोन करून खातं गोठवायला सांगा आणि कार्डाचा क्रमांकच बदलून घ्या. क्रमांक फुटलेला असेल तर पासवर्ड बदलून काही होत नाही. मग रिपोर्ट फ्रॉडकडे तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. पॉइंट परत मिळाले असले तरी तक्रार करा, ताडण्यासाठी आणखी एक नोंद तयार होते. दुकान कळलं असेल तर त्या भागातल्या पोलिसांनाही कळवा. नुकताच घडलेला गुन्हा आणि ओळखता येण्याजोगा संशयित असेल तर ते दखल घेऊ शकतात. बनावट एसएमएस आला असेल तर तो ७७२६ वर पाठवा.

घाई हवी ती फुटेजसाठी. दुकानांचं सीसीटीव्ही बहुधा महिन्याभरात पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. दुसऱ्या माणसाचं फुटेज तुमच्या हाती देणार नाहीत, पण ते पोलिसांसाठी जपून ठेवा असं लेखी सांगता येतं. स्वतःच्या खात्याची नोंद मागणं हा माहिती संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. सहसा एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, शुल्क नसतं. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात मागाव्यात, ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी:

‘माझ्या खात्यातून अमुक तारखेला अमुक शाखेत ८,००० पॉइंट माझ्या संमतीशिवाय वापरले गेले. त्या व्यवहाराची नेमकी वेळ, काउंटरचा क्रमांक आणि त्या महिन्यात माझ्या खात्यात कोणत्या उपकरणांवरून प्रवेश झाला याची नोंद मला द्यावी. त्या वेळेच्या आधीची व नंतरची पंधरा मिनिटं मिळून त्या काउंटरचं आणि दाराजवळचं फुटेज पोलीस मागतील तोपर्यंत जपून ठेवावं आणि तसं ठेवल्याचं मला लेखी कळवावं. तक्रार क्रमांक सोबत देत आहे.’